साखर उतरली तरी पहारा उठवू नये

मधुमेहाचा रोगी अत्यवस्थ होऊन रुग्णालयात दाखल झाला म्हणजे अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकांवर ताटकळणाऱ्या आप्तेष्टांच्या तोंडी एकच प्रश्न असतो: ‘साखर किती आली?’ सकाळी सहाशे होती, दुपारी चारशेवर आली, दिवेलागणीला अडीचशे झाली, असे निरोप आतून येत राहतात आणि प्रत्येक आकड्यासरशी मंडळींचा जीव थोडाथोडा भांड्यात पडतो. हा प्रश्न गैर नाही. तो एकटाच विचारला जातो, यात मात्र गफलत आहे. मधुमेहाच्या आणीबाणीतील काही विरळा परंतु प्राणघातक उपद्रव असे आहेत की, साखर चढलेली असते तोवर ते दबा धरून बसतात आणि ती उतरू लागली, उपचार लागू पडला असे सर्वांस वाटू लागते, नेमक्या त्याच सुमारास डोके वर काढतात. रक्तातील क्षार आणि शरीराचे स्नायू ही त्यांची क्षेत्रे होत. या उपद्रवांवर कोणी घरी इलाज करावा असे सुचविण्याचा येथे मुळीच हेतू नाही. रोग्याच्या उशाशी बसणाऱ्या माणसाने काय पाहावे, काय सांगावे, काय विचारावे आणि काय कदापि करू नये, एवढ्याचाच खुलासा येथे करावयाचा आहे.

आणीबाणीचे दोन प्रकार

मधुमेहात जिवावर बेतणारी साखरवाढ दोन रूपांनी येते. पहिले रूप किटोॲसिडोसिसचे. शरीरात इन्सुलिनचा जवळजवळ अभाव झाला म्हणजे पेशींना साखर वापरता येत नाही, शरीर चरबी जाळू लागते, त्यातून किटोन नामक आम्ल द्रव्ये साचतात आणि रक्ताची आम्लता वाढत जाते. उलट्या, पोटदुखी, श्वासाला पिकलेल्या फळासारखा वास आणि खोल, लांब, न थांबणारा श्वास ही त्याची चिन्हे. या श्वासाचे वर्णन जर्मन वैद्य आडोल्फ कुसमाऊल यांनी १८७४ साली केले आणि तो आजही त्यांच्याच नावाने ओळखला जातो. दुसरे रूप बहुधा वयस्कर रोग्यांत, टाइप २ मधुमेहात आढळते. त्यात किटोन फारसे नसतात, पण साखर सहाशेच्या वर, कधी हजाराच्याही पुढे जाते, अनेक दिवस लघवीवाटे पाणी वाहून जाते आणि रक्त घट्ट होत होत रोगी ग्लानीत जातो. पहिल्या प्रकारात प्रौढ माणसाच्या शरीरातून सरासरी ६ लिटर, तर दुसऱ्यात ९ लिटरपर्यंत पाणी गेलेले असते.

या पाण्याबरोबर सोडियम, पोटॅशियम, फॉस्फरस आणि मॅग्नेशियम हे क्षारही वाहून जातात; आणि खरी गुंतागुंत अशी की, दाखल होतेवेळी केलेल्या रक्ततपासणीत ही तूट पुष्कळदा दिसतच नाही.

सोडियमचेच उदाहरण घ्या. दुसऱ्या प्रकारच्या एखाद्या रोग्याची साखर ९०० आहे आणि सोडियम १४० आहे. अहवालावर १४० हा आकडा निर्दोष दिसतो. परंतु जास्तीची साखर पेशींतील पाणी रक्तात ओढून घेते आणि त्यामुळे सोडियम प्रत्यक्षाहून कमी भासते. म्हणून साखर शंभराच्या वर जितके शतक, तितक्या वेळा १.६ मिळवून सोडियमची दुरुस्ती करण्याचा वैद्यकात शिरस्ता आहे. येथे आठ शतके जास्त, म्हणजे सुमारे १३ मिळवावयाचे. दुरुस्त सोडियम १५३ झाले. निर्दोष दिसणाऱ्या आकड्याच्या पोटात पाण्याचे भीषण दुर्भिक्ष दडलेले होते. इन्सुलिनने साखर उतरते, पाणी पेशींत परतते, आणि मग हेच सोडियम अहवालावर चढताना दिसते. अशा घट्ट, खारट रक्ताचा ताण स्नायूंच्या पेशींना सोसत नाही, हे पुढे यावयाचे आहे.

पोटॅशियमचा हिशेब

शरीरातील पोटॅशियमपैकी सुमारे ९८ टक्के पेशींच्या आत, त्यातही बहुतांश स्नायूंत असते. पेशींबाहेर, जेथे आपली तपासणी पोहोचते तेथे, उरलेले दोन टक्केच खेळत असतात. कचेरीच्या मेजावरील चिल्लर मोजून तालुक्याच्या खजिन्याचा अंदाज बांधावा, तशातला हा प्रकार आहे. इन्सुलिनचा अभाव आणि रक्ताचा घट्टपणा यांमुळे पोटॅशियम पेशींतून बाहेर येते आणि लघवीवाटे निघून जाते. मेजावर चिल्लर भरपूर दिसते, कधी नेहमीपेक्षा जास्तच, आणि तिकडे खजिना रिता होत असतो. किटोॲसिडोसिसमध्ये वजनाच्या प्रत्येक किलोमागे ३ ते ५ मिलिइक्विव्हॅलंट तूट पडते; म्हणजे ६० किलो वजनाच्या माणसात १८० ते ३००.

अशा अवस्थेत इन्सुलिन दिले की, पेशींची दारे उघडतात आणि साखरेबरोबर पोटॅशियमही आत शिरते. रक्तातील पातळी काही तासांत धडाधड खाली येते. हातपाय जड पडतात, मान उशीवरून उचलवत नाही, आतड्यांची हालचाल मंदावून पोट फुगते, हृदयाची लय बिघडते, आणि प्रसंगी श्वासाचे स्नायूच थकून जातात. इन्सुलिनचा शोध १९२१ साली टोरांटोत लागला. तथापि त्यानंतरही कित्येक वर्षे काही रोगी साखर उतरत असताना अकस्मात दगावत आणि त्याचा उलगडा होत नसे. १९४६ साली हॉलर नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी अशाच एका रोग्याची कैफियत प्रसिद्ध केली. उपचार चालू असताना त्याचे श्वासाचे स्नायू लुळे पडले होते, आणि पोटॅशियम दिल्यावर त्यांत बळ आले. इन्सुलिनबरोबर पोटॅशियमचाही हिशेब ठेवला पाहिजे, ही ताकीद तेव्हापासून वैद्यकात रूढ होत गेली.

आज पोटॅशियम साडेतीनच्या खाली असल्यास डॉक्टर इन्सुलिन थोडे थांबवून आधी पोटॅशियम देतात. साडेतीन ते पाचच्या दरम्यान असल्यास दोन्ही बरोबर चालवतात आणि दर दोन-चार तासांनी रक्त तपासून घेतात. तेव्हा ‘साखर एवढी असताना इन्सुलिन अजून का लावले नाही?’ म्हणून परिचारिकेशी हुज्जत घालण्यापूर्वी, हा विलंब हयगयीचा आहे की विचारपूर्वक केलेला आहे, ते शांतपणे विचारून घ्यावे. पोटॅशियमची बाटली अत्यंत मंद गतीने सोडतात आणि पुष्कळदा हाताची शीर जळजळते. ती लवकर संपावी म्हणून नळीवरील चाक स्वतः फिरवणारा नातेवाईक रोग्याचे हृदय बंद पाडू शकतो, हे स्पष्ट शब्दांत सांगितलेलेच बरे.

फॉस्फरस आणि मॅग्नेशियम

पोटॅशियमची वार्ता निदान सर्वश्रुत आहे. फॉस्फरसची मात्र पुष्कळांच्या कानीही नसते. स्नायूच्या प्रत्येक आकुंचनास लागणारी ऊर्जा ज्या द्रव्यात साठवली जाते, त्याचा फॉस्फरस हा अपरिहार्य घटक होय. त्याची निरोगी पातळी साधारण २.५ ते ४.५ मिलिग्रॅम असते. इन्सुलिन सुरू होताच तीही खाली जाऊ लागते आणि बहुधा पहिल्या दिवसभरात तळ गाठते. बहुसंख्य रोग्यांत ही घट आपोआप भरून येते. म्हणून प्रत्येकास फॉस्फेट टोचण्याचा प्रघात नाही, कारण त्याचा अतिरेक झाल्यास रक्तातील कॅल्शियम घसरते. परंतु पातळी १ मिलिग्रॅमच्याही खाली गेली तर श्वास उथळ होणे, हृदयाची शक्ती क्षीण होणे, रक्तपेशी फुटणे आणि स्नायू विरघळू लागणे असे उपद्रव संभवतात, आणि तेथे फॉस्फेट देणे क्रमप्राप्त ठरते. दीर्घकाळ मद्यपान करणारे, महिनोन्महिने अर्धपोटी राहिलेले आणि आधीच कृश झालेले रोगी यांना हा धोका विशेष.

मॅग्नेशियमचे कार्य पडद्याआडचे आहे. ते कमी असेल तर कितीही पोटॅशियम दिले तरी मूत्रपिंडे ते धरून ठेवीत नाहीत. दोन दिवस बाटल्या चालू असूनही पोटॅशियम वर येत नसेल, तर ‘मॅग्नेशियम पाहिले आहे का?’ हा प्रश्न अदबीने विचारण्यास काहीच हरकत नाही.

स्नायू विरघळतो तेव्हा

स्नायूंच्या पेशी मोठ्या प्रमाणावर फुटून त्यांतील द्रव्ये रक्तात मिसळण्याच्या विकारास रॅब्डोमायोलिसिस म्हणतात. १९४१ साली, लंडनवरील बाँबहल्ल्यांच्या काळात, बायवॉटर्स आणि बील या डॉक्टरांनी ढिगाऱ्याखाली अवयव चेंगरलेल्या माणसांची निरीक्षणे प्रसिद्ध केली. सुटकेनंतर बरे वाटणारे हे जखमी पुढे काही दिवसांत मूत्रपिंडे निकामी होऊन मृत्यू पावत होते. चेंगरलेल्या स्नायूतील मायोग्लोबिन हे तांबूस द्रव्य मूत्रपिंडांच्या सूक्ष्म नलिकांना घातक ठरते, हे यथावकाश सिद्ध झाले. मधुमेहाच्या आणीबाणीत अंगावर कोसळलेली भिंत नसते, पण स्नायूवर चोहोकडून दडपण असते: पाण्याअभावी रक्तपुरवठा रोडावलेला, रक्त घट्ट आणि खारट, पोटॅशियम घटल्यामुळे काम करणाऱ्या स्नायूच्या रक्तवाहिन्या पुरेशा रुंदावत नाहीत, फॉस्फरस घटल्यामुळे ऊर्जा नाही, त्यातच रोगी रात्रभर एका कुशीवर बेशुद्ध पडून राहिला असेल, त्यास झटके आले असतील किंवा तो कोलेस्टेरॉलसाठी स्टॅटिनच्या गोळ्या घेत असेल, तर स्नायूचा बांध फुटण्यास निमित्त मिळते.

पुस्तकांत या विकाराची तीन लक्षणे दिलेली असतात: स्नायूंत वेदना, अशक्तपणा आणि कोऱ्या चहासारखी काळपट लघवी. प्रत्यक्षात ही तिन्ही एकत्र फार थोड्या रोग्यांत दिसतात. ग्लानीतील माणूस पोटऱ्या दुखतात म्हणून सांगणार कसा? ज्याच्या पायांच्या नसा मधुमेहाने बधिर केल्या आहेत, त्यास वेदना जाणवेलच असे नाही. म्हणून येथे लघवीच्या पिशवीकडे लक्ष ठेवणारा डोळस नातेवाईक फार उपयोगी पडतो. रंग गडद होत आहे काय, दर तासाला जमणारी लघवी कमी होत आहे काय, हे पाहून ताबडतोब परिचारिकेच्या कानी घालावे.

प्रयोगशाळेत याचा एक सुगम दाखला मिळतो. लघवीत बुडवलेली रंगपट्टी रक्त असल्याचे ठामपणे दर्शविते, आणि तीच लघवी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली असता तांबड्या पेशी मात्र सापडत नाहीत. पट्टीला हिमोग्लोबिन आणि मायोग्लोबिन यांतील भेद कळत नाही. पेशींविना रक्त दिसले, म्हणजे स्नायूचा संशय घ्यावा. मग सीपीके ही रक्ततपासणी करतात. तिचा आकडा एरवी दोनशेच्या आसपास किंवा त्याहून कमी असतो. तो हजाराच्या वर गेला की स्नायुनाशाचे निदान पक्के होऊ लागते, आणि पाच हजारांच्या पुढे मूत्रपिंडांस धोका वाढतो. मुबलक सलाईन, लघवीचा तासातासाचा हिशेब आणि मूळ क्षारदोषाची दुरुस्ती हा त्यावरील मुख्य उपचार होय; वेळीच ध्यानात आल्यास बहुतेक रोगी डायलिसिसविना सावरतात.

येथे शहाळ्याविषयी दोन शब्द सांगणे अगत्याचे आहे. रुग्णालयाच्या दारात शहाळीवाला असतोच, आणि ‘पोटॅशियम कमी आहे’ एवढे शब्द कानी पडताच कोणी हितचिंतक दोन शहाळी घेऊन येतो. शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम विपुल असते, हे खरेच. परंतु स्नायू फुटू लागले म्हणजे त्यांच्यातील पोटॅशियमचा साठा रक्तात ओतला जातो, आणि मूत्रपिंडे थकली असतील तर त्यास बाहेर पडावयास वाट राहत नाही. काल कमी असलेले पोटॅशियम आज जीवघेणे जास्त होऊ शकते. म्हणून शहाळे, फळांचा रस किंवा पोटॅशियमचे सिरप यांपैकी काहीही त्या दिवसाचा अहवाल पाहिलेल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये.

मांडीची अकस्मात सूज

याच कुळातील आणखी एक दुर्मिळ विकार नोंदवून ठेवतो. अनेक वर्षे अनियंत्रित मधुमेह असलेल्या आणि डोळे वा मूत्रपिंडे आधीच बाधित झालेल्या रोग्यांत मांडीच्या, क्वचित पोटरीच्या, स्नायूचा रक्तपुरवठा तुटून त्याचा काही भाग मृत होतो. मार पडल्याचे निमित्त नसता एकाएकी तीव्र वेदना आणि सूज येते, ताप बहुधा नसतो, आणि आश्चर्य म्हणजे सीपीके पुष्कळदा साधारणच असते. याची पहिली नोंद १९६५ साली झाली. गळू, शिरेतील रक्ताची गुठळी आणि हा विकार यांतील निवाडा एमआरआयने होतो. उपचार विश्रांती, वेदनाशमन आणि साखरेवर ताबा एवढाच. मात्र तेल लावून जोराने चोळणे, शेकणे किंवा ‘पाय मोकळा होईल’ म्हणून बळेच चालवणे सर्वथा वर्ज्य. गुठळी असल्यास तर अशा चोळण्याने ती फुप्फुसापर्यंत जाण्याचा धोका असतो.

घरी पाळावयाचे नियम

हे उपद्रव टाळण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे आणीबाणीच उद्भवू न देणे. आणि ती बहुधा ताप, जुलाब, जंतुसंसर्ग किंवा चुकलेले इन्सुलिन यांपासून सुरू होते.

एक: आजारपणात इन्सुलिन स्वतःच्या मनाने बंद करू नये. ‘आज काही खाल्लेच नाही, मग इन्सुलिन कशाला?’ हा तर्क सरळ वाटतो खरा, पण टाइप १ च्या रोग्यास तो अतिदक्षता विभागात नेऊन सोडतो. मात्रा कमी-अधिक करणे डॉक्टरांचे काम. ती शून्यावर आणणे कोणाचेच नव्हे. एकादशी असो वा नवरात्र, उपवासापूर्वी मात्रेविषयी मसलत करावी.

दोन: आजारपणात साखर दर दोन ते चार तासांनी तपासावी. टाइप १ च्या रोग्याने अडीचशेच्या वर साखर राहिल्यास किटोनही पाहावेत. त्याच्या पट्ट्या औषधी दुकानांत मिळतात.

तीन: घोटघोट का होईना, पाणी चालू ठेवावे. साखर जास्त असता साधे पाणी, मीठ घातलेले पातळ ताक, बिनसाखरेचे लिंबूपाणी द्यावे; साखर उतरलेली असून अन्न जात नसेल तर भाताची पेज द्यावी. उन्हाळ्यात तहान भागत नाही म्हणून उसाचा रस आणि शीतपेये रिचवीत राहणे, हा दुसऱ्या प्रकारच्या आणीबाणीस निमंत्रण देण्याचा राजमार्ग आहे. ज्यांना हृदयाच्या वा मूत्रपिंडाच्या विकारासाठी पाण्याची मर्यादा घालून दिली आहे, त्यांनी मात्र आधी विचारावे.

चार: उलट्या-जुलाब चालू असता मेटफॉर्मिन, लघवी वाढवणाऱ्या आणि रक्तदाबाच्या काही गोळ्या, दुखणे थांबवणाऱ्या गोळ्या तात्पुरत्या थांबवाव्या लागतात, कोणत्या थांबवावयाच्या याची यादी प्रकृती ठीक असतानाच डॉक्टरांकडून लिहून घ्यावी. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या वर्गातील गोळ्यांनी साखर दोनशेच्या आत असतानाही किटोॲसिडोसिस होऊ शकतो. असे औषध घेणाऱ्याने मळमळ आणि धाप असता ग्लुकोमीटरच्या आकड्यावर विसंबून स्वस्थ बसू नये. आणि ठरलेल्या शस्त्रक्रियेपूर्वी साधारण ३ दिवस ते थांबवण्याविषयी शल्यविशारदास विचारावे.

पाच: इन्सुलिन उन्हापासून जपावे. मोटारीत किंवा पत्र्याखालच्या खोलीत तापलेली कुपी दिसावयास चांगली असते, परंतु तिच्यातील सत्त्व गेलेले असते. शीतकपाट नसेल तर ओलसर ठेवलेल्या मातीच्या मडक्यात कोरड्या डब्यात ठेवण्याची तजवीज करावी.

सहा: खोल श्वास, थांबत नसलेल्या उलट्या, ग्लानी, काळपट लघवी, किंवा हातपाय उचलता न येण्याइतका अशक्तपणा, यांपैकी एकही लक्षण दिसल्यास सकाळची वाट न पाहता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

रुग्णालयात सांगावे काय, विचारावे काय

दाखल करताना एका कागदावर पुढील तपशील लिहून द्यावा: चालू असलेली सर्व औषधे, विशेषतः स्टॅटिन आणि लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, वैदू वा भोंदू यांच्याकडून घेतलेली पुडी असल्यास तीही, मद्यपान, शेवटचे इन्सुलिन केव्हा आणि किती घेतले, आणि रोगी बेशुद्ध आढळला असल्यास तो किती वेळ व कोणत्या अंगावर पडून होता. संकोचाने लपवलेली मद्याची गोष्ट किंवा क्षुल्लक म्हणून गाळलेली स्टॅटिनची गोळी याच निदानाची किल्ली असू शकते.

पहिल्या ४८ तासांत, साखरेच्या चौकशीला जोडून, चार प्रश्न विचारावेत: पोटॅशियम किती आणि पुढची तपासणी केव्हा? फॉस्फरस व मॅग्नेशियम पाहिले काय? लघवी तासाला किती होते आहे? आणि रोगी फार अशक्त असेल किंवा लघवी गडद असेल, तर सीपीके करावयाचे काय? छोट्या रुग्णालयात फॉस्फरसची किंवा सीपीकेची सोय नसल्यास नमुना बाहेर पाठवावा लागेल, किंवा रोग्यास जिल्हा रुग्णालयात हलवावे लागेल. हा निर्णय मूत्रपिंडे थकण्यापूर्वी झाला, तरच त्याचा उपयोग. प्रश्न विचारणे म्हणजे डॉक्टरांवर अविश्वास दाखवणे नव्हे. रात्रपाळीत वीस रोग्यांचा भार वाहणाऱ्यास एक सावध सोबती मिळाल्याचे समाधानच वाटते.

घरी परतल्यावरही आठवडाभर पायऱ्या चढताना मांड्यांत दम उरत नाही, लघवीचा रंग पुन्हा गडद होतो, किंवा पाय सुजतात, असे काही आढळल्यास ‘आजारपणाचा थकवा’ म्हणून सोडून देऊ नये. निरोपपत्रात पोटॅशियम, क्रिएटिनिन आणि सीपीके यांचे शेवटचे आकडे लिहून घ्यावेत, स्टॅटिन पुन्हा केव्हा सुरू करावयाचे याचे उत्तर त्याच कागदावर मागावे, आणि एका आठवड्यात फेरतपासणीचा दिवस ठरवूनच रुग्णालयाची पायरी उतरावी.